रेकॉर्डिंग आपल्या पट्टीत आणायचंय? आधी त्यातला सा शोधा

शिकणारी मंडळी हल्ली रियाजाची फाइल स्वतःच पट्टी, म्हणजे गाण्याचा आधार-सूर, बदलून आणतात. चांगली गोष्ट आहे. पण तानपुरा सुरू केला की कळतं, फाइल मूळ गायकाच्या पट्टीतही नाही आणि यांच्याही नाही. दोन पट्ट्यांच्या फटीत कुठेतरी अडकली आहे. तिच्याबरोबर महिनाभर गाऊन कानही त्या फटीतच बसलेला असतो, आणि मग क्लासमध्ये पेटीबरोबर गाताना सा सारखा वर किंवा खाली लागतो.

बटण सगळ्यांना सापडतं, गडबड होते ती क्रमात. म्हणून इथे क्रमावर जास्त लिहिलं आहे. मी ऑडॅसिटी वापरतो. ते फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर मेनूची नावं बदलतील, क्रम तोच राहील.

## सुरुवातीला हाताशी काय हवं

कॉम्प्युटर, तारेचा हेडफोन, तानपुऱ्याचं असं अ‍ॅप ज्यात सूर सेंटच्या हिशेबाने बारीक वरखाली करता येतो, आणि एक वही. पेटी असेल तर उत्तम.

वही चेष्टेने लिहिलेली नाही. प्रत्येक गाण्यासाठी चार आकडे लागतात: रेकॉर्डिंगचा सा, आपला सा, दोघांतला फरक, आणि सॉफ्टवेअरमध्ये प्रत्यक्ष टाकलेला आकडा. हे लिहून ठेवलं नाही की पंधरा दिवसांनी ‘नवी फाइल’, ‘नवी फाइल २’, ‘नवी फाइल खरी’ यांतली कुठली कशी केली होती ते कुणालाच सांगता येत नाही.

दोन शब्द आधी साफ करून घेऊ. पेटीवर एका पट्टीला लागून असलेली पुढची पट्टी, मग ती काळी असो वा पांढरी, म्हणजे एक सेमीटोन. एका सेमीटोनचे शंभर भाग केले की प्रत्येक भाग एक सेंट. सप्तक म्हणजे बारा सेमीटोन.

## १. मूळ फाइल नीट मिळवा

पट्टी बदलताना आवाजावर ताण येतोच, म्हणून सुरुवातीचा माल शक्य तितका चांगला घ्या. सीडीवरून घेतलेली वेव्ह फाइल सर्वांत बरी. एमपीथ्री असेल तर तीही चालेल, पण चार जणांच्या फोनमधून फिरून आलेली नको.

गुरुजींनी क्लासमध्ये गाऊन दाखवलेलं फोनवर रेकॉर्ड करणार असाल तर आधी त्यांना विचारा. फोन पेटीच्या भात्याजवळ ठेवू नका, नाहीतर घरी जाऊन ऐकाल तेव्हा बंदिशीपेक्षा भात्याचा श्वासच जास्त ऐकू येईल. आणि तबल्याच्या डग्ग्यासमोर तर मुळीच नको.

व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवताना व्हॉइस मेसेज म्हणून नको, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. व्हॉइस मेसेज बोलण्यासाठी दाबून लहान केलेला असतो. तानपुऱ्याचा झंकार त्यात आधीच गेलेला असतो. फोनमधली एमफोरए फाइल ऑडॅसिटीत उघडली नाही, तर एफएफएमपेग नावाची जोड टाकावी लागते. फाइल बिघडलेली नाही.

तपासा: मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली का? तिच्यावर पुढे काहीही करायचं नाही.

## २. कॅसेट किंवा जुनी तबकडी असेल, तर आधी वेग

सीडी किंवा डिजिटल रेकॉर्डिंग असेल तर ही पायरी ओलांडून पुढे जा.

कॅसेट ज्या यंत्रावर भरली आणि ज्या यंत्रावर वाजवून कॉम्प्युटरमध्ये घेतली, त्या दोघांचा वेग क्वचितच तंतोतंत जुळतो. ७८ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तबकड्यांचं तेच. त्यांतल्या सुरुवातीच्या काळातल्या अनेक तबकड्या प्रत्यक्षात मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या हिशेबाने भरलेल्या नव्हत्या. वेग तीन टक्के जास्त असेल तर सूर जवळपास ५१ सेंट चढतो, म्हणजे अर्धा सेमीटोन. मी स्वतः घरच्या कॅसेटवरून घेतलेल्या मारवा रागातल्या एका गाण्याबरोबर पावसाळाभर रियाज केला आणि नंतर लक्षात आलं, की आमचं टेपरेकॉर्डर पळत होतं. गायकाचा आवाज एरवीपेक्षा थोडा तरुण वाटत होता, तेव्हाच शंका यायला हवी होती.

वेगाने बिघडलेला सूर वेगानेच दुरुस्त करायचा. त्यासाठी ‘इफेक्ट’ मेनूत ‘पिच अँड टेम्पो’ या गटातलं ‘चेंज स्पीड अँड पिच’ वापरा (जुन्या आवृत्तीत नुसतं ‘चेंज स्पीड’ असं दिसेल). यात सूर आणि लय दोन्ही एकत्र हलतात, आणि इथे तेच हवं आहे.

किती हलवायचं हे कळायला कधीकधी विजेची घुरघुर कामाला येते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ध्वनिमुद्रण होताना तिची घुरघुर टेपवर आली असेल, तर शांत जागेचा काही सेकंदांचा तुकडा निवडून ‘अ‍ॅनालाइझ’ मेनूतलं ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ उघडा आणि ‘साइझ’ ६५५३६ ठेवा. डावीकडे ५० किंवा १०० च्या आसपास सुळका दिसतो का पाहा. तो ५१.५ वर असेल तर टेप तीन टक्के पळते आहे.

सावधान: सुळका बरोब्बर ५० वर असेल तर खूश होऊ नका. ती घुरघुर मूळ टेपवरची नसून तुम्ही कॉम्प्युटरला जोडलेल्या यंत्राची असू शकते. तिच्यावरून काहीच ठरत नाही.

## ३. रेकॉर्डिंगचा सा शोधा

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे घाई नको.

पहिली चूक म्हणजे गाणं ज्या स्वरावर सुरू होतं त्यालाच सा धरणं. कितीतरी बंदिशी पंचमावरून किंवा गंधारावरून उठतात. दुसरी चूक सॉफ्टवेअरवर विसंबण्याची. ऑडॅसिटीत ‘चेंज पिच’ उघडलं की वर एक अंदाजी सूर लिहून येतो. तो निवडलेल्या भागाच्या अगदी सुरुवातीच्या क्षणावरून काढलेला असतो. त्या क्षणी सारंगीची मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) चालू असेल किंवा कुणी खोकलं असेल, तर तो त्याचा सूर सांगेल. त्याला तुमच्या रागाशी देणंघेणं नाही.

सा शोधायच्या जागा अशा:

मैफिलीचं रेकॉर्डिंग असेल तर गायक सुरू होण्याआधीचा नुसता तानपुरा. चार तारांत मधली जोडी मध्य सप्तकातल्या सा मध्ये, शेवटची जाड तार खर्जात, आणि पहिली पंचमात. मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागात मध्यमात. पहिली तार धरून बसू नका, जोडी ऐका.

तानपुरा दबलेला असेल तर तबला ऐका. उजव्या हाताचा तबला बहुधा सा मध्ये लावलेला असतो. बहुधा म्हणतो आहे, कारण तो कधी पंचमात किंवा मध्यमातही लावतात. म्हणून तेवढ्यावर थांबायचं नाही. गायक समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येऊन जिथे विसावतो, तान संपवून जिथे उतरतो, आणि अगदी शेवटी सगळे एकत्र जिथे थांबतात, ती जागा ऐका. भावगीतात मधल्या म्युझिकमध्ये सूर इकडेतिकडे फिरत असतो, तिथे ध्रुवपदाची शेवटची ओळ जास्त विश्वासाची.

दोन वेगवेगळ्या जागांवरून एकच सा निघाला, की तो बरोबर.

आता तो मोजायचा. सेंट मोजणारी अ‍ॅप आहेत, पण गाणं, पेटी, तबला एकत्र असले की ती भांबावतात. कान जास्त भरवशाचा. तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर जवळची पट्टी लावा, समजा काळी एक (पेटीवर सप्तकातली पहिली काळी; बाकीची नावंही अशीच मोजून), आणि रेकॉर्डिंगमधल्या तानपुऱ्याचा तुकडा त्याबरोबर वाजवा. सूर जवळ असूनही एक नसतील तर आवाज ‘वाव-वाव-वाव’ असा लाटांनी हलतो. दोघांतला फरक जितके हर्ट्झ, सेकंदाला तितक्या लाटा. आता अ‍ॅपचा बारीक सूर हळूहळू वर न्या. लाटा घाईच्या झाल्या तर चुकीच्या दिशेने चालला आहात, परत फिरा. योग्य दिशेला सहाच्या तीन होतात, तिनाची एक, मग एक लांबलचक लाट, आणि मग पाणी स्थिर झाल्यासारखा आवाज निवतो. तिथे थांबा आणि अ‍ॅपवर काय दिसतं ते वहीत लिहा. समजा ‘काळी एक, अधिक ३६ सेंट’. हर्ट्झमध्ये ते २८३ होतात. काळी एक म्हणजे २७७.१८.

हे ३६ सेंट कुठून आले? टेपचा वेग असेल, किंवा त्या दिवशीची पेटीच मुळात चढ्या सुराची असेल. कारण काहीही असो, आकडा लिहिला पाहिजे. ‘काळी एकच आहे’ म्हणून सोडून दिलेले हे ३६ सेंट म्हणजेच सुरुवातीला म्हटलेली ती फट.

सावधान: ठुमरी, दादरा, भजन, विशेषतः पहाडीसारख्या रागातलं गाणं, बरेचदा मध्यमाला सा मानून गातात. काळी एकमध्ये गाणारा गायक अशा वेळी काळी तीनला सा धरून गातो. तुम्ही त्या गाण्याचा सा आणून स्वतःच्या नेहमीच्या सा वर ठेवलात, तर सगळं गाणं मंद्रात जाऊन पडेल आणि खालचे स्वर लागणारच नाहीत. तुम्हालाही ते तुमच्या मध्यमावरच ठेवायला हवं.

## ४. आपला सा पक्का करा

‘माझी काळी चार’ हे कुणीतरी चार वर्षांपूर्वी सांगितलेलं असतं. एकदा पुन्हा बघा. सकाळी नव्हे, आवाज तापल्यावर, मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंत जाऊन या. दोन्ही टोकांना ओढाताण होत नसेल तर पट्टी बरोबर आहे. वयात येणाऱ्या मुलांच्या बाबतीत दर दोन-तीन महिन्यांनी हे करावं लागतं, आणि जुन्या फायली बाजूला ठेवाव्या लागतात.

घरी पेटीबरोबर गात असाल तर तुमची पेटी ४४० च्या मापात (वरची पांढरी सहा ४४० हर्ट्झ) आहे का तेही अ‍ॅपवर ताडून घ्या. अनेक पेट्या नसतात. तुमची पेटी १५ सेंट चढी असेल, तर फाइलही १५ सेंट चढी करायची. अ‍ॅप बरोबर म्हणून पेटीशी भांडण नको.

संदर्भासाठी खालच्या सप्तकातले आकडे, हर्ट्झमध्ये: पांढरी एक १३०.८१, काळी एक १३८.५९, पांढरी दोन १४६.८३, काळी दोन १५५.५६, पांढरी तीन १६४.८१, पांढरी चार १७४.६१, काळी तीन १८५, पांढरी पाच १९६, काळी चार २०७.६५, पांढरी सहा २२०, काळी पाच २३३.०८, पांढरी सात २४६.९४. वरच्या सप्तकासाठी दुप्पट करा.

## ५. किती हलवायचं आणि कुठल्या बाजूला

मोजताना काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजायच्या. पांढरी सहापासून वरच्या काळी एकपर्यंत जायचं तर काळी पाच, पांढरी सात, पांढरी एक, काळी एक असे चार सेमीटोन. नुसत्या पांढऱ्या मोजणारे इथे घसरतात, आणि पांढरी तीन-चार व पांढरी सात-एक यांच्यामध्ये काळी नसते हे विसरणारेही. सुरुवातीची पट्टी मोजायची नाही.

मग दिशा. समजा गायिका काळी पाचमध्ये गाते आहे आणि शिकणारा पुरुष काळी एकचा. तो विचार करतो, माझा आवाज खालचा, म्हणून गाणं खाली आणायचं. काळी पाचपासून खालच्या काळी एकपर्यंत नऊ सेमीटोन. टाकले उणे ९. आणि मग बाईंचा आवाज विहिरीतून आल्यासारखा, तबला पोत्यावर मारल्यासारखा. असली फाइल मी ऐकली आहे. दोन मिनिटांवर ऐकवत नाही.

त्याऐवजी तीन सेमीटोन वर जा. काळी पाच, पांढरी सात, पांढरी एक, काळी एक. सा काळी एकचाच आला, फक्त वरच्या सप्तकातला. पुरुषाने एक सप्तक खालून गायचं, जसं बाई शिकवताना पुरुष शिष्य एरवीही गातोच. अधिक ३ टाकल्यावर गायिकेचा आवाज जरा कोवळा होतो, पण हरकती, मींड, शब्द सगळं शाबूत राहतं. वर आणि खाली या दोन अंतरांची बेरीज नेहमी बारा येते. त्यातलं लहान घ्यायचं.

आता मघाचे ३६ सेंट. रेकॉर्डिंग काळी एक अधिक ३६ सेंट, शिकणाऱ्याची पांढरी दोन. पट्ट्या मोजल्या तर अंतर एक. पण रेकॉर्डिंग आधीच ३६ सेंट वर आहे, म्हणून १ मधून ०.३६ वजा, म्हणजे अधिक ०.६४. रेकॉर्डिंग चढं असून वर जायचं असेल तर वजाबाकी. खाली जायचं असेल तर तेच ३६ सेंट वाढतात: हेच गाणं पांढरी एकमध्ये हवं असतं तर उणे १.३६.

हाच गायक आणि शिकणारी मुलगी काळी चारची असेल, तर? उणे ५.३६ किंवा अधिक ६.६४. दोन्ही मोठे. माझं मत विचाराल तर अशा वेळी फाइल बदलायच्या फंदात पडू नये. मूळ पट्टीतलं ऐकून स्वरलेखन करावं आणि आपल्या तानपुऱ्यावर गावं. चारच्या आत काम छान होतं, पाचला कामचलाऊ, सहाला शब्द आणि स्वरांची चौकट तेवढी कळते. आवाजाचा लगाव त्यावरून शिकू नये.

आणि अंतर अगदी लहान असेल, अर्ध्या सेमीटोनच्या आत, तर ‘चेंज पिच’ वापरूच नका. ‘चेंज स्पीड अँड पिच’ वापरा. आपलं २८३ चं रेकॉर्डिंग नेमक्या काळी एकवर आणायला वेग फक्त २.०६ टक्के कमी करावा लागतो. विलंबित ख्यालात एवढा फरक कुणाला जाणवत नाही, आणि आवाज जसाच्या तसा स्वच्छ राहतो, कारण टेप जरा हळू फिरवल्यासारखंच ते असतं. ही सोय फार कमी लोक वापरतात.

तपासा: वहीत चारपैकी तीन आकडे लिहून झाले का? अधिक-उणे चिन्हासकट?

## ६. पट्टी बदला, पण एकदाच

फाइल उघडा. कंट्रोल-ए दाबून सगळं निवडा. हे राहून गेलं की अर्धंच गाणं बदलतं आणि अंतऱ्यात एकदम पट्टी उडी मारते.

‘इफेक्ट’, मग ‘पिच अँड टेम्पो’, मग ‘चेंज पिच’. मेनू फिकट दिसतोय, दाबला जात नाही? तुम्ही गाणं अजून ‘स्टॉप’ केलेलं नाही. चौकोनी बटण दाबा. वर्षानुवर्षं वापरणारेही इथे पाच मिनिटं घालवतात.

समोर आलेल्या खिडकीत बरेच रकाने आहेत. तुम्हाला फक्त ‘सेमीटोन्स’ चा हवा आहे. त्यात तुमचा आकडा दशांशासकट टाका. त्याखाली टक्क्यांचा रकाना आहे, त्यात चुकून उणे ५.३६ टाकलंत तर सूर एक सेमीटोनसुद्धा पुरता उतरत नाही. वरचे ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ चे स्वर आपोआप काहीतरी दाखवत राहतील. तिकडे पाहू नका.

तळाशी ‘यूज हाय क्वालिटी स्ट्रेचिंग’ अशी खूण करायची जागा आहे. नाव मोठं असलं तरी ती सरसकट लावू नका. गाण्यातला तीस सेकंदांचा असा तुकडा निवडा ज्यात गळाही आहे आणि तबलाही. एकदा खूण लावून, एकदा न लावता करून ऐका. तबल्याचा ‘ना’ फुटतो का, ‘धा’ च्या आधी सावलीसारखा आवाज येतो का, लांब ठेवलेल्या स्वरात थरथर आहे का, हे कानाने ठरवा. नुसत्या आलापीला एक पर्याय बरा वाटेल, द्रुत बंदिशीला दुसरा. ठरल्यावर कंट्रोल-झेड करून आधी मूळ स्थितीला या, आणि मग पूर्ण फाइलवर करा.

सावधान: एकदा उणे २ केलं, ऐकलं, जरा अजून हवं म्हणून आणखी उणे १ केलं, मग जास्त झालं म्हणून अधिक अर्धा. या प्रत्येक खेपेला आवाज थोडा उसवतो. बेरीज बरोबर आली तरी गाण्याचं पोतेरं झालेलं असतं. आकडा चुकला तर कंट्रोल-झेड करून मुळापासून एकदाच नवा आकडा.

नव्या आवृत्त्यांमध्ये क्लिपवर आल्ट आणि वरचा-खालचा बाण दाबूनही एकेक सेमीटोन बदलता येतो. गायला सोयीची पट्टी कुठली ते चाचपून पाहायला ही झकास सोय आहे.

## ७. तानपुऱ्यावर ताडून बघा

त्याच खिडकीत खाली नवा ट्रॅक घ्या आणि ‘जनरेट’ मेनूतल्या ‘टोन’ ने तुमच्या सा चा सूर गाण्याच्या लांबीइतका तयार करा. ‘अ‍ॅम्प्लिट्यूड’ ०.१ च्या आसपास ठेवा, म्हणजे तो मागे मुंगीसारखा राहील. गाण्यातल्या सा वर लाटा उठतात का ऐका. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, तिन्ही ठिकाणी ऐका. सुरुवातीला जुळतंय आणि शेवटी नाही, तर कॅसेट वाजताना वेग सरकत गेला आहे; अशा फाइलचे तुकडे करून प्रत्येकाला वेगळा आकडा द्यावा लागतो. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

इथे एक तक्रार हमखास येते: ‘सा जुळतो, पण गंधार पेटीशी जुळत नाही, फाइल बिघडली.’ फाइल बिघडलेली नाही. पेटीचा शुद्ध गंधार सा पासून ४०० सेंटवर असतो. तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार ३८६ वर. चांगला गाणारा बहुधा तानपुऱ्याच्या गंधाराजवळ असतो, पेटी १४ सेंट चढी. सॉफ्टवेअरने सगळे स्वर सारख्या प्रमाणात सरकवले आहेत, गायकाची श्रुती तशीच राखून. म्हणून जुळणी फक्त सा आणि पंचमावर तपासायची. पंचमात पेटी आणि तानपुऱ्यातला फरक दोनच सेंटचा आहे. गंधार, धैवत, कोमल ऋषभ पेटीशी जुळवायला म्हणून फाइल आणखी हलवलीत, तर आत्तापर्यंतची मेहनत पाण्यात.

जुळलं? मग तो सुराचा ट्रॅक काढून टाका. विसरलात तर फाइलमध्ये कायमचा भुणभुणत राहील.

## ८. लय कमी करायची तर आता

पट्टी पक्की झाल्यावरच लयीला हात लावा. ‘चेंज टेम्पो’ मध्ये लय बदलते, सूर तसाच राहतो. उणे २५ टाकलं की लय पाऊणपट होते. वर वाजवण्याच्या बटणांशेजारी वेगाची जी सरकपट्टी असते, ती यासाठी नाही. तिने सूरही हलतो, आणि मुलं ‘पट्टी कशी बदलली’ म्हणून परत तिसऱ्या पायरीवर जातात.

पूर्ण गाणं हळू करू नका. अडलेली तान, एखादी हरकत, फार तर एक आवर्तन कापून तेवढंच करा. अर्ध्या लयीवर आणलं की तबल्याचे बोल चिरटतात आणि गमकेचं (स्वराला जोराने दिलेल्या झोक्याचं) जे दिसतं ते गमकेसारखं राहत नाही. झोका मोजून घेतल्यासारखा वाटतो. तान स्वरांची कळायला पाऊणपट पुरते. एकदा स्वर लिहून झाले की ८५ टक्के, मग मूळ लय. अर्ध्या लयीत घोटलेली तान गळ्यात बसली की द्रुतात ती सोडवायला दुप्पट वेळ जातो, हे अनेकांचं पाहिलं आहे.

वेगवेगळ्या लयीच्या फायली करायच्या तर प्रत्येक वेळी पट्टी बदललेल्या त्याच फाइलपासून करा. ७५ वाली ताणून ८५ करू नका.

एकच ओळ पुन्हापुन्हा ऐकायला वरच्या वेळेच्या पट्टीवर माउसने ओढून भाग ठरवा. ‘एल’ दाबलं की तेवढाच भाग फिरत राहतो. ओळीच्या आधी दोन-तीन मात्रा मोकळ्या ठेवा, श्वास घ्यायला. अगदी ओळीवर कापलंत तर प्रत्येक फेरीला धाप लागून शिरावं लागतं आणि उठाव चुकीचा बसतो.

## ९. साठवण आणि नावं

ऑडॅसिटीत ‘सेव्ह प्रोजेक्ट’ केलं म्हणजे गाण्याची फाइल तयार झाली असं नाही. प्रोजेक्ट फक्त ऑडॅसिटीतच उघडतो. फोनवर ऐकायची तर ‘एक्स्पोर्ट’ करावं लागतं. त्याआधी पडद्यावरच्या आवाजाच्या आलेखाची टोकं वरखाली कापलेली दिसत असतील, तर ‘अ‍ॅम्प्लिफाय’ मध्ये उणे ३ डेसिबल टाकून आवाज थोडा उतरवा. पट्टी बदलल्यावर टोकं कधीकधी वाढतात. संग्रहात वेव्ह ठेवा, फोनसाठी त्यावरून एमपीथ्री.

नाव असं द्या की सहा महिन्यांनी फाइल न उघडता कळावं: ‘भूप_विलंबित_मूळ-काळी१अ३६_आता-पांढरी२_अ०.६४_लय१००’. ‘अ’ म्हणजे अधिक. चिन्हं टाळलेली बरी, काही फोन त्यावर अडखळतात. वहीतला चौथा आकडा आत्ता लिहा.

या फायली तुमच्या रियाजापुरत्या. पट्टी बदलली म्हणून गाणं तुमचं होत नाही. ते कुठे चढवायचं नाही आणि ग्रुपवर वाटायचंही नाही. गुरुजींच्या आवाजातली तर नाहीच नाही.

## १०. रियाजात वापरताना

पहिले तीन-चार दिवस फाइलबरोबर गा, पण एका कानात हेडफोन आणि दुसरा कान उघडा, शेजारी तानपुरा. दोन्ही कान बंद करून गाणाऱ्याला स्वतःचा सा ऐकूच येत नाही.

मग फाइल बंद करून नुसत्या तानपुऱ्यावर तीच ओळ. स्वतःचं रेकॉर्ड करा आणि फाइलच्या खाली दुसऱ्या ट्रॅकवर ठेवून दोन्ही ऐका. ओळ जिथे वेगळी जाते तिथे कंट्रोल-बी दाबून खूण करा, आणि उद्याचा रियाज त्या खुणेपासून सुरू करा.

आठवड्यातून एकदा मूळ, न बदललेली फाइल ऐका, न गाता. हलवलेल्या फाइलमध्ये आवाजाची जी गोलाई हरवलेली असते, ती तिथेच आहे. त्या वेळी वही बंद ठेवली तरी चालेल.